आजारी बालक, व्याकूळ माता आणि आपण





सोलापूरच्या सात रस्ता चौकात सायंकाळी थोडा वेळ उभे राहिले, तर एक दृश्य हमखास दिसते. रिक्षातून एक कुटुंब उतरते. बापाच्या हातात तपासण्यांच्या कागदांची पिशवी, आजीच्या हातात जेवणाचा डबा आणि आईच्या कडेवर टॉवेलात गुंडाळलेले मूल. कोणी अक्कलकोटहून आलेले असते, कोणी तुळजापूर वा मंगळवेढ्याहून, तर कोणी सीमेपलीकडच्या विजयपूर वा कलबुर्गीहून. ज्याला आपण सर्वजण ‘सिव्हिल’ म्हणतो, ते श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आणि शहरातील खासगी दवाखाने ही या साऱ्या मुलुखाची आशा आहे.

गेल्या हिवाळ्यात मगरिबच्या नमाजनंतर या चौकातून जाताना औषधांच्या दुकानापाशी एका तरुण स्त्रीने मला थांबविले. तिचे बाळ आठव्या महिन्यातच जन्मले होते आणि पंधरा दिवसांपासून काचेच्या पेटीत होते. पती यंत्रमागावर कामाला. तो कामावर गेला नाही तर त्या दिवसाची मजुरी नाही. ती म्हणाली, “मौलाना, घरची माणसं म्हणतात, तुझ्याच कुठल्यातरी गुनाहची ही सजा आहे. खरं सांगा, माझ्यामुळं माझ्या बाळाला हे भोगावं लागतंय का?”

मी तिला सब्र करण्यास आणि दुआ करण्यास सांगितले व पुढे निघालो. जमाअतीसमोर तासभर बोलणाऱ्या माणसाने त्या मातेला दोन वाक्यांत वाटेला लावले, ही टोचणी अजून गेलेली नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर कुरआन व हदीसमध्ये स्पष्टपणे आलेले आहे. ते तिला त्याच वेळी मिळावयास हवे होते. आज ते आपणा सर्वांसमोर मांडत आहे, कारण असा प्रश्न पडलेल्या माता आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत.

आजार ही शिक्षा आहे काय?

प्रथम बालकाचा विचार करू. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीनुसार तीन व्यक्तींची कर्मे लिहिली जात नाहीत. झोपलेला मनुष्य जागा होईपर्यंत, बालक प्रौढ होईपर्यंत आणि बुद्धिभ्रंश झालेला मनुष्य शुद्धीवर येईपर्यंत लेखणी उचललेली असते. ज्याच्या नावे एकही गुन्हा लिहिला गेलेला नाही, त्याला शिक्षा कशाची? आता आईबापांचे पाप मुलाच्या अंगावर येते काय, याचा विचार करू. कुरआनने हे एकदा नव्हे, अनेकदा सांगितले आहे की ओझे वाहणारा कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही (६:१६४, १७:१५, ३५:१८). जो न्यायी प्रभू एका प्रौढाचे ओझे दुसऱ्या प्रौढावर टाकीत नाही, तो आईचे ओझे सातशे-आठशे ग्रॅमच्या जिवावर टाकील, अशी कल्पना करणे हाच त्याच्या न्यायाविषयी गैरसमज आहे.

काही लोक येथे सूरह अश-शूराची तिसावी आयत पुढे करतात. माणसावर येणारी संकटे त्याच्या हातांच्या कमाईमुळे येतात, असा तिचा आशय आहे. परंतु तीच आयत पुढे हेही सांगते की अल्लाह पुष्कळ काही माफ करतो. शिवाय ही आयत प्रत्येकाने स्वतःच्या अंतःकरणात डोकावण्यासाठी आहे. शेजारणीकडे वा सुनेकडे बोट दाखविण्यासाठी नाही. प्रेषित आणि अजाण बालके या आयतीच्या संबोधनात येत नाहीत, असे भाष्यकारांनी स्पष्ट केले आहे. त्यांच्यावर येणारा त्रास पापाचे फळ नसून त्यामागे अल्लाहची अन्य हिकमत असते.

याहून मोठा पुरावा प्रेषितांच्या (स.) घरातच आहे. त्यांना सात अपत्ये झाली. कासिम, अब्दुल्लाह आणि इब्राहीम हे तिन्ही पुत्र बालपणीच वारले. झैनब, रुकय्या आणि उम्मे कुलसूम (रजि.) या तीन कन्याही त्यांच्या हयातीतच गेल्या. त्यांच्या पश्चात केवळ हजरत फातिमा (रजि.) उरल्या. अपत्याचे दुःख ही पापाची सजा मानली, तर निष्पाप प्रेषितांच्या (स.) या सहा कबरींविषयी आपण काय म्हणणार आहोत?

हजरत इब्राहीम दीड वर्षाच्या आसपासच्या वयात हिजरी सन १० मध्ये वारले, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की प्रेषितांच्या पुत्राच्या मृत्यूमुळे सूर्य काळवंडला. शोकात बुडालेल्या पित्याला ही गोष्ट ऐकून घेता आली असती, कारण तिच्यात त्यांच्या पुत्राचा सन्मानच होता. परंतु त्यांनी तत्काळ सांगितले की सूर्य आणि चंद्र ही अल्लाहची चिन्हे आहेत. कोणाच्या मरणाने वा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. वाचकहो, स्वतःच्या बाळाच्या दफनाच्या दिवशीही ज्यांनी निसर्गातील घटनेला मनाचे अर्थ चिकटवू दिले नाहीत, त्यांची उम्मत आज एका मातेच्या अकाली प्रसूतीला मनाचे अर्थ चिकटवीत आहे.

म्हणून त्या भगिनीला आणि तिच्यासारख्या सर्वांना स्पष्ट उत्तर हे की, नाही. तुमच्या बाळाचा आजार ही तुमची शिक्षा नाही. ती एक परीक्षा आहे, आणि ती एकट्या तुमची नाही. तुम्ही पेटीपाशी असताना आम्ही काय करतो, याची परीक्षा तुमच्या घरच्यांची, शेजाऱ्यांची आणि तुमच्या मशिदीचीही आहे.

अश्रू सब्रच्या विरुद्ध नाहीत

आपल्याकडे रडणाऱ्या आईला लगेच गप्प केले जाते की ‘सब्र कर, रडू नकोस’. प्रेषितांच्या (स.) एका कन्येचे मूल अखेरच्या घटका मोजत होते. त्यांनी त्या मुलाला जवळ घेतले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. सोबत असलेले हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांना नवल वाटले. त्यावर प्रेषितांनी सांगितले की ही तर दया आहे, जी अल्लाहने आपल्या दासांच्या हृदयात ठेवली आहे. हजरत याकूब (अ.) यांचे डोळे पुत्रवियोगाच्या दुःखाने पांढरे झाले होते, तरीही कुरआनमध्ये ‘सब्रे जमील’ची गोष्ट त्यांच्याच तोंडी आली आहे. सब्र म्हणजे डोळे कोरडे असणे नव्हे. अल्लाहविषयी तक्रारीचा शब्द न काढता, हाती असलेले काम न सोडणे म्हणजे सब्र. दर तीन तासांनी दूध काढून वॉर्डात पोहोचविणारी आई रडत रडत ते करीत असेल, तरी ती साबिरच आहे.

उपचार हीच सुन्नत

खेड्यापाड्यांतून आलेल्या काही अरबांनी प्रेषितांना (स.) विचारले होते की आम्ही औषधोपचार करावा काय. त्यांनी होकार दिला आणि सांगितले की वार्धक्य सोडल्यास अल्लाहने असा आजार ठेवलेला नाही, ज्याचे औषध ठेवले नाही. खंदकच्या लढाईत जखमी झालेले हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांच्यासाठी खुद्द मस्जिदे नबवीत तंबू उभारण्यात आला. तेथे हजरत रुफैदा (रजि.) जखमींची शुश्रूषा करीत. मशीद आणि शुश्रूषा यांचे नाते इतके जुने आहे. पुढे अबू बक्र अर-राजी यांनी बालरोगांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तोही याच परंपरेत.

दुआ आणि दम यांना आपल्या दीनमध्ये स्थान आहे. प्रेषित (स.) हजरत हसन व हुसैन (रजि.) यांच्यासाठी वाईट नजरेपासून आश्रय मागत, हे सिद्ध आहे. परंतु दुआ औषधासोबत असते, औषधाऐवजी नसते. तान्हे बाळ दूध ओढेनासे झाले, त्याचा श्वास जलद चालू लागला (दोन महिन्यांच्या आतील बाळाचा मिनिटाला ६० किंवा अधिक), श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, अंग तापले वा गार पडले, झटके आले, अथवा तळहात-तळपाय पिवळे दिसू लागले, तर तो ‘नजर उतरविण्याचा’ वेळ नाही. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णालय गाठण्याचा तो वेळ आहे. ताईतासाठी घालविलेला एक तास बाळाच्या जिवावर बेतू शकतो. दुआ रुग्णवाहिकेतही करता येते.

नवजात बाळ रुग्णालयात असेल तर अजान, तहनीक आणि अकीका राहून गेले म्हणून घरात कुरबूर होते. हेही समजून घ्यावे. अजान बाळापाशी जाण्याची परवानगी मिळाल्यावर देता येते. उशीर झाला तर गुन्हा नाही. तहनीक डॉक्टरांना विचारूनच करावी, आणि एक वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये. त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. अकीका सातव्या दिवशी करणे मुस्तहब आहे, पण तो पुढेही करता येतो. बकऱ्यासाठी ठेवलेले पैसे आज औषधाला लागत असतील, तर आज ते औषधालाच लावावेत.

आईला बाळापासून तोडू नका

हजरत मूसा (अ.) यांच्या मातेने त्यांना नदीत सोडले, तेव्हा तिचे हृदय रिकामे होऊन गेले, असे कुरआन सांगते (२८:१०). अल्लाहने तिचे मन बांधून धरले. मूसांची बहीण दुरून पाळत ठेवीत गेली. अखेर बाळ आईकडे परत आणले गेले. कशासाठी, तर तिचे डोळे निवावेत आणि तिने दुःखी राहू नये म्हणून (२८:१३). येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. आईचे डोळे निवणे हे अल्लाहच्या दृष्टीने नमूद करण्याजोगे प्रयोजन आहे. आणि आई जागेवरून हलू शकत नव्हती, तेव्हा धावपळ घरातील दुसऱ्या व्यक्तीने केली.

वैद्यकशास्त्रही फिरून येथेच आले आहे. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात, काचेच्या पेट्या कमी पडत होत्या तेव्हा, डॉक्टरांनी कमी वजनाची बाळे आईच्या छातीशी उघड्या त्वचेला लावून ठेवण्यास सुरुवात केली. हीच आज ‘कांगारू मातृसेवा’ म्हणून ओळखली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा बाळांसाठी ही सेवा जन्मानंतर लगेच सुरू करावी, असे सुचविले. आपल्या देशातही नवजात शिशू कक्षांत पालकांना बाळाच्या देखभालीत सामील करून घेण्याचे धोरण आहे. आई दमली वा आजारी असेल तर बापही बाळाला छातीशी घेऊ शकतो. ज्यांना यात संकोच वाटतो, त्यांनी अकरा बिन हाबिस यांचा प्रसंग आठवावा. आपल्याला दहा मुले असून त्यांपैकी एकाचेही कधी चुंबन घेतले नाही, असे ते म्हणाले; त्यावर प्रेषितांनी (स.) सांगितले की जो दया करीत नाही, त्याच्यावर दया केली जात नाही.

वॉर्डातील माता आणि इबादत

बाळासोबत राहणाऱ्या माता नमाजविषयी मला अनेकदा विचारतात. हनफी मतानुसार काही मुद्दे येथे देतो.

प्रसूतीनंतरच्या निफासच्या काळात, जो अधिकाधिक चाळीस दिवसांचा असतो, नमाज माफ आहे आणि तिची कजाही नाही. मात्र दुआ, जिक्र व दुरूद यांना कसलीही मनाई नाही. ‘मी पाक नाही, मग बाळासाठी दुआ कशी करू’ असे म्हणणे चुकीचे आहे.

निफास संपलेल्या मातेने वॉर्डात एक स्वच्छ ओढणी व छोटी चादर वेगळी ठेवावी. गर्दीमुळे वारंवार उठणे शक्य नसेल तर जोहर तिच्या शेवटच्या वेळेत आणि असर तिच्या पहिल्या वेळेत अदा करावी. दोन्ही नमाजा आपापल्या वेळेत होतात आणि उठावे एकदाच लागते. बाळाची प्रकृती अचानक बिघडली तर नमाज मध्येच सोडावी. दाईला बाळाच्या जिवाची भीती असेल तर तिने नमाज लांबवावी, अशी मुभा फकीहांनी शतकांपूर्वीच दिली आहे. रमजानमध्ये दूध पाजणाऱ्या मातेला स्वतःची वा बाळाची हानी होण्याची भीती असेल, तर तिने रोजे पुढे ढकलून नंतर त्यांची कजा करावी.

मूल रडले की प्रेषित (स.) नमाज थोडक्यात आटोपत, कारण त्या रडण्याने मागे उभ्या असलेल्या आईच्या मनाची काय अवस्था होते, हे ते जाणत होते. जमाअतीची नमाज आईच्या काळजीसाठी आखूड झाली. मग आपल्या अपेक्षाही तिच्यासाठी थोड्या आखूड व्हायला हरकत नसावी.

अयादत: भेटीची रीत

आजाऱ्याची विचारपूस ही इतकी थोर गोष्ट आहे की हदीसे कुदसीनुसार कयामतच्या दिवशी अल्लाह दासाला विचारील, मी आजारी होतो, तू मला भेटायला का आला नाहीस? तो आजाऱ्याजवळच सापडला असता, असे त्याला सांगितले जाईल. प्रेषित (स.) आपली सेवा करणाऱ्या एका यहुदी मुलाच्या आजारपणात त्याच्या घरी गेले आणि त्याच्या उशाशी बसले. मूल लहान आहे, वा परधर्मीय आहे, म्हणून अयादत टाळता येत नाही, हा यातला धडा आहे.

परंतु दहा माणसांनी वॉर्डात गर्दी करणे, बाळाला हाताळणे, सर्दी-खोकला असताना जाणे, ‘अमक्याचे बाळ असेच होते, वाचले नाही’ असे सांगणे, ही अयादत नव्हे, तो उपद्रव आहे. भेट छोटी असावी. शब्द आशेचे असावेत. आणि आजाराचे कारण शोधण्याचे काम डॉक्टरांवर सोपवावे.

मोहल्ल्याची जबाबदारी

मूतच्या लढाईत हजरत जाफर (रजि.) शहीद झाल्याची वार्ता आली, तेव्हा प्रेषितांनी (स.) जाफरच्या घरच्यांसाठी जेवण बनविण्यास सांगितले, कारण त्यांच्यावर असे संकट आले होते की त्यांना दुसरे काही सुचत नव्हते. रुग्णालयात मूल असलेल्या घराची स्थितीही अशीच असते. त्या घरात चूल पेटते की नाही, उरलेल्या मुलांना शाळेत कोण सोडते, विडी वळणाऱ्या वा रोजंदारीवर जाणाऱ्या बाईची बुडालेली मजुरी कोठून येते, हे विचारणारा कोणी हवा. सुलतान कलावूनने इ.स. १२८४ च्या सुमारास काहिरा येथे उभारलेल्या वक्फ रुग्णालयाविषयी इतिहासकार नमूद करतात की बरा होऊन घरी जाणाऱ्या रुग्णाला काही रक्कम दिली जाई, जेणेकरून त्याला लगेच कामावर धावावे लागू नये. आजाराचा खर्च औषधाच्या बिलापाशी संपत नाही, हे त्या काळच्या लोकांना ठाऊक होते.

कुरआन अशा गरजूंचे वर्णन करतो, जे स्वाभिमानामुळे मागत नाहीत आणि अनभिज्ञ मनुष्य त्यांना सुखवस्तू समजतो (२:२७३). रुग्णालयाच्या जिन्यावर बसलेली अनेक कुटुंबे अशीच असतात. जकातीस पात्र असलेल्या मुस्लिम कुटुंबाला जकात त्याच्या हाती, मालकी हक्काने द्यावी. सदका व दान मात्र शेजारच्या खाटेवरील कोणत्याही धर्माच्या बालकासाठी खुले आहे.

पैशांइतकीच माहितीही मोलाची आहे. शासकीय रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बालकाचे उपचार, औषधे, तपासण्या आणि ने-आण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत. जन्मतः हृदयदोष, दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल यांसाठी अठरा वर्षांपर्यंत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी यांच्या नावाने प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूरही होते. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. शिधापत्रिका व आधार घेऊन दाखल होतानाच त्याला भेटावे. धर्मादाय न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. अनेक कुटुंबे दागिने गहाण टाकल्यानंतर हे ऐकतात.

म्हणून प्रत्येक मशिदीच्या जमाअतीला माझी विनंती आहे. दोन सुशिक्षित तरुण नेमा, जे अर्ज भरण्यास मदत करतील. दोन भगिनी नेमा, ज्या आईला चार तास झोप मिळावी म्हणून तिच्याजागी बसतील. रक्तदात्यांची यादी तयार ठेवा. थॅलेसेमियाच्या मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त लागते. डब्याची पाळी लावा. यासाठी मोठी संस्था लागत नाही, जुम्माच्या नमाजनंतरची पंधरा मिनिटे पुरतात.

आणि ज्यांचे बाळ इतके करूनही अल्लाहकडे परत गेले, त्यांच्याविषयी एक शब्द. हदीसनुसार अल्लाह फरिश्त्यांना विचारतो, तुम्ही माझ्या दासाच्या हृदयाचे फळ काढून घेतले काय, आणि त्या दुःखातही हम्द करणाऱ्या त्या दासासाठी जन्नतमध्ये ‘बैतुल हम्द’ नावाचे घर बांधण्याचा आदेश देतो. त्या आईबापांना ‘कोणाचे चुकले’ असे विचारू नका. त्यांच्याजवळ बसा.

सात रस्त्यावर मला थांबविणारी ती भगिनी नंतर मला भेटली नाही. तिच्या बाळाचे नावही मी विचारले नव्हते. हा लेख तिच्यापर्यंत पोहोचला तर उत्तम. पोहोचला नाही, तरी तिच्यासारखी कोणी आपल्याला थांबवील तेव्हा आपण थांबावे, एवढे तरी व्हावे.

हे अल्लाह, सर्व मानवांच्या पालनकर्त्या, आजारी बालकांना पूर्ण शिफा दे, त्यांच्या मातांची मने बांधून धर, डॉक्टर व परिचारिकांच्या हातांना यश दे, आणि आम्हांला बोट दाखविणाऱ्यांमध्ये नव्हे, तर हात देणाऱ्यांमध्ये सामील कर. आमीन.